संध्याकाळचा थेंब

सांडोर, १२ फेब्रुवारी २०२५

जोआना,

पापा बरे आहेत. हे आधी लिहिते, कारण इनबॉक्समध्ये माझं नाव बघून तुझ्या मनात तेच येईल. आई गेल्यावर चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सानंतर अंगणात तू मला जे म्हणालीस, त्याला आता दोन वर्षं होतील. ते मी इथे उकरणार नाही. हा कामाचा मेल आहे.

तू कुवेतच्या वॉर्डात दिवसभर पेशंटच्या शुगर तपासतेस. मला तेवढ्यापुरतंच एक विचारायचंय.

मी काय काम करते ते तुला अर्धवट माहीत असेल. वसई पूर्वेला एका गाळ्यात सुधाकर सरांची छोटी कंपनी आहे. तिथे आम्ही रक्तातली साखर मोजणारी चिप बनवतो, करंगळीच्या नखाहून लहान. तिच्या टोकाला प्लॅटिनमचा ठिपका असतो आणि ठिपक्यावर जेलीचा पातळ पडदा. पडदा आधी द्रवच असतो. त्यात एंझाइम मिसळायचं, थेंब ठिपक्यावर ठेवायचा आणि वरून जांभळा प्रकाश सोडायचा. बघता बघता द्रव गोठतो आणि एंझाइम त्या जाळीत अडकून राहतं. रक्तातली साखर पडद्यातून आत आली की एंझाइम तिच्यावर काम करतं, त्यातून पेरॉक्साइड तयार होतं आणि ठिपक्यातून तेवढा करंट वाहतो. साध्या उजेडातसुद्धा तो द्रव आपोआप गोठायला लागतो, म्हणून आमच्या खोलीत सतत पिवळे दिवे असतात. बाहेर आलं की सगळं जग निळसर दिसतं.

ठिपका आणि एंझाइम माझ्याकडे, पडदा हर्षवर्धनकडे. हर्षवर्धन मोहिते, विरारला राहतो, मूळचा कऱ्हाडकडचा. पडद्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, हे मी आधीच कबूल करते.

पापा रोज सकाळ-संध्याकाळ बोट टोचून बाजारातल्या मीटरवर शुगर बघतात. त्याच थेंबातलं उरलेलं रक्त मी आमच्या चिपवर घेते. सकाळी दोन्ही आकडे जुळतात. संध्याकाळी मीटर ठीक दाखवतो आणि आमची चिप भलतंच जास्त. एखाद्या पेशंटने तिच्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन वाढवलं तर तो चक्कर येऊन पडेल, इतकं जास्त.

सकाळच्या चिपचा डबा मी स्वतः भरते. संध्याकाळचा डबा निघताना हर्षवर्धन माझ्या हातात देतो.

तर प्रश्न असा, की बाजारातला मीटर संध्याकाळी कमी दाखवतो असं तू कधी पाहिलंयस का? एवढंच सांग. बाकी लिहायची गरज नाही.

जीना


सांडोर, २४ फेब्रुवारी २०२५

जोआना,

तुझं उत्तर मिळालं. मी मीटरबद्दल विचारलं होतं. तू लिहितेस, 'मीटर ठीक असतो. पापा आणखी काही औषधं घेतात का ते बघ. त्यांना एकदा डॉक्टरकडे ने.' पापांची औषधं मी आणते, मी डब्यात भरते. साखरेची गोळी, प्रेशरची गोळी, बस्स. तुला अजूनही वाटतं की या घरात मी डोळे मिटून राहते. असो.

मीटर ठीक असेल तर चिप चुकतेय, आणि संध्याकाळच्याच चिप चुकत असतील तर त्या कोणाच्या हातून येतात हे बघावं लागेल. मी बघितलं.

हर्षवर्धनला महिनाभर पुण्याहून फोन येत होते. फोन आला की तो गाळ्याबाहेर टेम्पो लागतात तिथपर्यंत जाऊन बोलायचा. मी विचारलं तर म्हणाला, 'मित्र आहे.' एकदा त्याच्या स्क्रीनवर पडद्याच्या सगळ्या रेसिपी एका फोल्डरमध्ये कॉपी होताना दिसल्या. विचारलं तर म्हणे बॅकअप. एंझाइमच्या कुप्या मी माझ्या फ्रीजमध्ये ठेवून कुलूप लावलं, तेव्हा तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

मी त्याला आकडे दाखवले. त्याने ते नीट वाचले आणि म्हणाला, "डबे बदलून बघ ना एकदा. माझा सकाळी वापर, तुझा संध्याकाळी."

ऐकायला किती सरळ वाटतं. पण ज्याला ठाऊक आहे की आता डबे बदलणार, तो त्या दिवशी चांगल्याच चिप देणार. मी डबे बदलले नाहीत. मी सुधाकर सरांकडे गेले.

पुढच्या महिन्यात मुंबईच्या एका हॉस्पिटलबरोबर आमची चाचणी ठरायची आहे. ती गेली तर कंपनी उन्हाळाभरही टिकणार नाही. सरांनी सगळं ऐकलं. "तुला खात्री आहे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आकडे समोर आहेत." त्यांनी हर्षवर्धनचा पासवर्ड बंद केला आणि चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. जेवणाचा डबा, छत्री, हेडफोन उचलले आणि राजीनामा देऊन गेला. जाताना मला म्हणाला, "माझा शेवटचा द्रव फ्रीजच्या खालच्या खणात आहे. उजेड लागू देऊ नकोस, वाया जाईल."

मी तो द्रव ओतून टाकला. त्यात त्याने काय घातलं असेल कोण जाणे.

हे तुला का लिहिते आहे माहीत नाही. पापांशी हल्ली बोलणं होत नाही. ते संध्याकाळी लवकर आडवे होतात.

जीना


सांडोर, ८ मार्च २०२५

जोआना,

हर्षवर्धन गेल्यापासून प्रत्येक चिप मी बनवते. द्रव मी मिसळते, प्रकाश मी सोडते, दोन्ही डबे मी भरते. संध्याकाळची चिप अजूनही जास्त दाखवते.

पहिल्या दिवशी वाटलं, त्याने यंत्रात काहीतरी करून ठेवलंय. दिवा उघडून बघितला. दिवा चांगला आहे. मग माझ्या बोटाचं रक्त घेतलं, सकाळी, संध्याकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर. आकडे जुळले. शेजारच्या एलिसाबायला विचारलं. तिलाही साखर आहे, तिने आनंदाने बोट पुढे केलं. तिचेही जुळले. चिप सगळ्यांशी खरं बोलते. फक्त पापांशी, आणि फक्त संध्याकाळी, खोटं बोलते.

म्हणजे पापांच्या रक्तात संध्याकाळी काहीतरी असतं.

तेव्हापासून मी पापांवर नजर ठेवून आहे. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. वाडीत ते जात नाहीत. केळीखाली तण गुडघ्यापर्यंत वाढलंय, पडवळाचा मांडव एका बाजूने खाली आलाय आणि त्यांना त्याचं काही नाही. मी म्हटलं, "पापा, मांडव पडेल." म्हणाले, "पडू दे. यंदा पडवळ कोणाला हवंय?" ज्या माणसाने पडवळाला दगड बांधून सरळ वाढवलं, तो हे बोलतो. राखेच्या बुधवारी ते चर्चला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. जेवण अर्ध्यावर सोडतात. मला वाटलं, दुपारी मी नसताना बाहेरचं काही खातात. मग वाटलं, पुन्हा प्यायला लागलेत. कपाटामागे, विहिरीच्या पंपाच्या खोलीत, सगळीकडे बघितलं. बाटली मिळाली नाही.

मंगळवारी मी दुपारीच घरी आले. पापा मागच्या पडवीत फोनवर बोलत होते, अगदी हळू, आपल्या बोलीत. मला बघितलं आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"रॉंग नंबर."

रॉंग नंबरशी कोणी आपल्या बोलीत बोलतं का?

बाकी सगळं ठीक. हो, लॅबमध्ये मला काही साध्या औषधांचा चिपवर काय परिणाम होतो ते तपासायचंय. तिकडे ताप-अंगदुखीची गोळी कशी मिळते? पाकीट कसं असतं, त्यावर अरबीत लिहिलेलं असतं का? सहज विचारते आहे. सवड मिळाली तर सांग.

जीना


सांडोर, १२ मार्च २०२५

जो,

तू तासाभरात उत्तर दिलंस. पाकिटाचा फोटोसुद्धा पाठवलास, पांढरं, हिरव्या अक्षरांचं. वाटलं होतं टाळशील. मी सहज विचारलं नव्हतं. तसल्या गोळ्यांची अर्धी पट्टी तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पापांचा सदरा धुवायला टाकताना खिशात सापडली होती. सांडोरच्या कोणत्या मेडिकलमध्ये अरबी अक्षरांच्या गोळ्या मिळतात?

मी त्यातली एक लॅबमध्ये नेली. साखर अजिबात नसलेल्या पाण्यात तिचा कण विरघळवला, तापाला गोळी घेतल्यावर रक्तात उतरतो तेवढाच, आणि चिपवर थेंब ठेवला. करंट झपकन वर गेला. चिपला ती गोळी साखरच वाटली. आमच्या पडद्याखाली आणखी एक थर आहे. व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड असल्या लुडबुड करणाऱ्यांना तो बाहेरच अडवतो, कारण त्यांच्यावर ऋण भार असतो. त्या गोळीतल्या पॅरासिटामॉलवर भारच नाही. ते सरळ आत जातं आणि ठिपक्याला फसवतं. पुस्तकात हे आहे. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती.

हर्षवर्धनचा यात काडीचा संबंध नव्हता.

खुर्चीत बसून राहिले. पिवळ्या दिव्यांत सगळं शिळं दिसत होतं. सरांना काही न सांगता घरी आले. पापा पडवीत होते. पट्टी त्यांच्यासमोर ठेवली.

"पापा, या कशाच्या?"

"अंगदुखीच्या."

"कोणी दिल्या?"

"शॅननने. कुवेतहून सुट्टीवर आली होती तेव्हा."

"शॅननने आणल्या. दिल्या कोणी?"

त्यांनी पट्टी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "जोला बोलू नकोस. मीच मागितल्या तिच्याकडे."

म्हणजे रॉंग नंबर तू होतीस. मी कामाला गेले की तुम्ही बोलता. कधीपासून, ते पापांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणून तू पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतंस, 'आणखी काही औषधं घेतात का ते बघ.' तुला माहीत होतं. तू मला कोडं घातलंस आणि मी ते सोडवायची वाट बघत बसलीस. तेवढ्यात मी एका माणसाला नोकरीतून घालवलं.

मी सदरा वर करून त्यांची पाठ बघितली. जो, पाठीच्या मधोमध एक मणका बाहेर आलाय. हात लावला तर ते ओरडले नाहीत, फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला. बरगड्या दिसतात. अंग गरम होतं. रोज दुपारनंतर ताप चढतो, मग ते गोळी घेतात आणि मी कामावरून येईपर्यंत घाम येऊन गार होतात. मी रोज त्याच माणसाच्या बोटातून रक्त घेत होते. कपाळाला एकदाही हात लावला नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी सदरा खाली ओढला. मग म्हणाले, "आईच्या वेळी जो तुला बोलली, तू वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस म्हणून. तेव्हापासून तू नीट हसलेली मी बघितली नाही. परत तेच नको होतं. म्हटलं, तुझी ती मोठी चाचणी होऊन जाऊ दे."

एका वाक्याचं ओझं पापांनी दोन वर्षं वाहिलं. ते वाक्य तुझं होतं.

उद्या त्यांना घेऊन एमआरआयला जाते. गोळ्या पाठवायच्या आधी माझ्याशी एकदा बोलायला तुला काय झालं होतं?

जीना


सांडोर, १९ मार्च २०२५

जो,

तुझा लांब मेल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना प्रत्येक ओळीत काहीतरी लपवलेलं दिसत होतं. तू लिहितेस, पापांनी तुला सांगितलं की वसईच्या डॉक्टरने तपासलंय, एक्स-रे काढलाय, वयामुळे होतं असं म्हणाले. म्हणून तू गोळ्या दिल्यास. मला वाटलं, ही स्वतःला वाचवतेय.

म्हणून पापांनाच विचारलं. तुझा मेल वाचून दाखवला. ते खाली बघून म्हणाले, "डॉक्टरकडे गेलो नव्हतो. जोला खोटंच सांगितलं." मी विचारलं, आणखी काय खोटं सांगितलं. तर म्हणाले, "हेच, की जीनाला सगळं ठाऊक आहे, ती रागावलीय म्हणून तू तिच्याशी हा विषय काढू नकोस."

मला कळत नाही रडावं की त्यांच्यावर ओरडावं. त्यांनी तुला सांगितलं की मला माहीत आहे, मला सांगितलं की काही नाहीच. आपण दोघी बोलत नव्हतो, त्यामुळे त्यांचं काम सोपं झालं. तरी माझा पहिला मेल वाचून तुला शंका आली असणारच. पापांना दिलेलं वचन मोडायचं नव्हतं म्हणून तू आडून विचारलंस. सरळ लिहायला हवं होतंस. पण मी सरळ वाचलं असतं का, याची मला खात्री नाही.

आता एमआरआय. दोन मणके आतून पोखरले गेलेत. शेजारी पू साठल्यासारखं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता आहेत, एक कॅन्सरच्या गाठीची आणि एक टीबीची. सुई घालून आतला तुकडा काढला आहे. रिपोर्ट यायचाय. मज्जारज्जूवर थोडा दाब आहे. आणखी काही आठवडे गेले असते तर पाय गेले असते, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत येऊन पापांना मी फक्त म्हटलं, वजन उचलायचं नाही.

पापा घाबरलेत, पण दाखवत नाहीत. काल म्हणाले, टीबी निघाला तर गावात सांगू नकोस, लोक घरात पाणी पिणार नाहीत. मी म्हटलं, हा मणक्यातला असेल तर कोणाला लागत नाही. ते म्हणाले, "ते तुला माहीत, मला माहीत. लोकांना कोण सांगणार?"

तू वॉर्डात असे पेशंट पाहिले असशील. खरं काय ते मला लिही. गोड करून लिहू नकोस.

जीना


सांडोर, ३० मार्च २०२५

जो,

रिपोर्टची बातमी तुला फोनवर पापांनीच दिली, ते बरं झालं. टीबी. हा शब्द ऐकून मी कधी सुटकेचा श्वास सोडेन असं वाटलं नव्हतं. औषधं सुरू झालीत. वर्षभर तरी घ्यावी लागतील, कदाचित जास्त. पाठीला पट्टा आहे. पट्टा बांधल्याशिवाय उठून बसायचं नाही. सरकारी दवाखान्यातली बाई घरी येऊन गेली आणि पापांना दम देऊन गेली. पापांनी तिला केळी दिली.

एलिसाबायला मी सांगितलं. पापा रागावले. ती दुसऱ्या दिवशी आली, पापांच्या समोर बसली, पाणी मागून घेतलं आणि तांब्या रिकामा केला. नंतर तिच्या नवऱ्याने येऊन पडवळाचा मांडव बांधून दिला.

आता दुसरं. मी सुधाकर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तुला विचारलं होतं, खात्री आहे का." एवढंच म्हणाले, आणि मला ते पुरलं. मग काल मी विरारला हर्षवर्धनच्या घरी गेले. त्याची आई, जयवंतीकाकू, दार उघडून तिथेच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तो आतून आला. आम्ही जिन्यात बोललो.

मी गोळीची सगळी हकीकत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता, नेहमी ऐकतो तसा. मधेच म्हणाला, "हो, न्यूट्रल आहे, आतला थर त्याला थांबवणार नाही. मला सुचायला हवं होतं." मला तिथे उभं राहवेना.

मी म्हटलं, "परत ये. सर तयार आहेत."

"मी पुण्याला जॉइन होतोय. पहिल्या तारखेला."

"म्हणजे ते फोन नोकरीचेच होते." माझ्या तोंडून गेलं. बघ, तेव्हासुद्धा.

तो म्हणाला, "हो, नोकरीचेच. तू माझ्यासमोर फ्रीजला कुलूप घातलंस त्या दिवशी मी त्यांना हो म्हटलं. त्याआधी महिनाभर नाहीच म्हणत होतो." मग म्हणाला, "तुला शंका आली याचं मला काही नाही. शंका येणारच, आपलं कामच ते आहे. पण तू मला सरळ विचारलं नाहीस. सरांना जाऊन सांगितलंस."

मी माफ कर म्हटलं. त्याने मान हलवली. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही.

मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा त्याने मागून हाक मारली. म्हणाला, चिपवर शेजारी दुसरा ठिपका घे. त्याच्यावर तसाच पडदा, तेवढाच प्रकाश, फक्त आत एंझाइम घालू नकोस. त्याला साखर कळणार नाही, गोळी मात्र कळेल. तो जे दाखवील ते पहिल्यातून वजा कर. मी विचारलं, हे लिहून देशील का, तुझ्या नावाने अहवालात घालते. म्हणाला, "नाव घाल. लिहून तूच काढ."

मी ते करून बघितलं. जमतं. हॉस्पिटलची चाचणी पुढे ढकलली आहे, रद्द झालेली नाही. पडदे अजून त्याच्यासारखे येत नाहीत. माझे कडेला सुटतात.

तुझी रजा मंजूर झाली हे पापांनी सांगितलं. मला तू कळवलं नाहीस. मी मनात त्याचेही अर्थ लावायला लागले होते. मग थांबले आणि आता सरळ विचारते. मला का नाही कळवलंस? मला चालणार नाही असं वाटलं का?

मला चालेल. ये.

जीना


सांडोर, १५ एप्रिल २०२५, सकाळ

जो,

तू झोपली आहेस. प्रवासाने दमली असशील म्हणून उठवत नाही. पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. हा टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवते.

काल रात्री आपण विमानाबद्दल बोललो, उकाड्याबद्दल बोललो, शॅननच्या लग्नाबद्दल बोललो. आईबद्दल दोघीही बोललो नाही. तू तिच्या फोटोसमोर उभी होतीस तेव्हा मी आत निघून गेले, ते रागाने नव्हे. आज संध्याकाळी मला ते बोलायचंय. आईच्या शेवटच्या आठवड्यात काय काय झालं, कोणत्या दिवशी मला काय दिसलं आणि काय नाही दिसलं, सगळं सांगेन. तू ऐकून घे. मग तुला जे वाटेल ते बोल. अंगणात नको, घरात बसून बोलू.

पापांना आठच्या सुमाराला जाग येते. पट्टा खाटेच्या दांडीला आहे. आडवे असतानाच बांधायचा, कुशीवर वळवून. ते म्हणतील, मी बसून बांधतो. ऐकू नकोस. लाल गोळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्ध्या तासाने पेज. पेज गॅसवर आहे. लघवी तांबडी झाली म्हणून घाबरतील, ते औषधाने होतं, तुला ठाऊकच आहे. दुपारी ताप बघ. गेल्या आठवड्यापासून चढलेला नाही. वाडीत जायचा हट्ट करतील. पडवीपर्यंत ने, पायरी उतरू देऊ नकोस.

शुगर तूच तपास. चिप ठेवलेली नाही, बाजारातला मीटर कपाटात आहे.

गेले काही दिवस मी कामावरून तासातासाला घरी फोन करते. पट्टा बांधला का, गोळी घेतली का, खरंच घेतली का. पापा वैतागलेत. आज तू घरात आहेस. मी सहाला येईन. मधे फोन करणार नाही.

जीना